बोअरच्या तोंडाशी केलेली प्रार्थना

नाताळ अंकासाठी लेख मागताना संपादकांनी मला एकच अट घातली. म्हणाले, मिस्तरी, फेकायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मग उरलेल्या पानांवर जाहिराती छापा. तरी शब्द दिलाय, तेव्हा प्रयत्न करतो. जिथं मला राहवणार नाही तिथं वाचकांनी निम्मं करून वाचावं. आमच्या घरी तशीच पद्धत आहे.

माझा धंदा बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी वर काढण्याचा. शहरातल्या माणसाला मोटार म्हटलं की चार चाकं दिसतात. आमची मोटार म्हणजे पाण्यात बुडून काम करणारं एक लोखंडी नळकांडं, माणसाच्या मांडीएवढं जाड आणि कमरेएवढं उंच. ते पाइपांच्या लांबलचक माळेला टांगून जमिनीच्या पोटात सोडतात, तीनशे-चारशे फूट खाली. भोक वीतभरही रुंद नसतं. तिथं ती बिचारी अंधारात वर्षानुवर्षं पाणी ढकलत बसते. मग एके दिवशी जळते, किंवा पाणी खाली जातं, आणि मालक म्हणतो, काढा वर. आणि ती येत नाही. कडेचा एखादा दगड निसटून मोटार आणि खडक यांच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला असतो. मग मालक आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो, सगळे मिळून ओढतात, ती आणखी घट्ट बसते आणि मग मला फोन येतो.

आम्ही जाऊन तीन लोखंडी पायांचा घोडा उभा करतो, त्याला साखळीची कप्पी टांगतो, पाइपाला क्लॅम्प आवळतो आणि ओढतो. एवढंच काम. तर मग मिस्तरी कशाला हवा, असं कुणीही विचारेल. तो हवा सोडण्यासाठी. पाचर वर ओढाल तितकी घट्ट होते. म्हणून मोटार आधी खाली सोडायची, दगडाला निसटायला जागा द्यायची, मग हळूच वर घ्यायची. पण सोडताना सगळं वजन झटक्यानं पाइपाच्या सांध्यावर आलं आणि सांधा गंजलेला निघाला, तर पाइप, मोटार, सगळं तळाला. ती बोअर मेली. आता किती सोडायचं, कधी थांबायचं, हे वर उभं राहून पाइपावर ठेवलेल्या हाताला कळावं लागतं. डोळ्यांना तिथं काही काम नाही. ओढणारे सोलापूर जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत. सोडणारे आम्ही थोडे.

साखळीवर माझा भागीदार मल्लप्पा. मूळचा मंद्रूपचा, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी आणि दोन्ही मिळून दिवसाला चार वाक्यं. काम सुरू करताना मालक नारळ पुढं करायचा. मी ख्रिस्ती, मी काही नारळ फोडत नाही. मी पाइपावर हात ठेवून, डोळे मिटून प्रार्थना करायचो. पहिल्याच कामाला मल्लप्पानं तोडगा काढला. म्हणाला, "शलमोन, तू डोळं मिट, मी नारळ फोडतो. दोघातला एक तर जागा असंल की." तेव्हापासून आमचं तसंच ठरलं. माझी प्रार्थना मोठी दणदणीत असायची. चढ-उतार, हुंदका, शेवटी टिपेचा सूर. आमच्या चर्चमधल्या पेटीवाल्याला मागं टाकील अशी. संपली की मल्लप्पा खणखणीत आवाजात आमेन म्हणायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला द्यायचा.

याच प्रार्थनेनं माझं नाव झालं. अक्कलकोटकडं एका मळ्यात मोटार वर काढली तर तिच्यावर दोन बेडूक बसलेले, लग्नाच्या घोड्यावर बसावेत तसे. त्यातला एक वर आल्यावर कानडीत काहीतरी बोलला. मल्लप्पाला विचारा, तो नाही म्हणणार नाही. तो काहीच म्हणत नाही. मंद्रूपच्या एका मालकानं तर मला फोनच केला. "मिस्तरी, तुमी नका येऊ. आमच्याकडं घोडा हाय, माणसं हायती. तुमी तितनंच निस्ती प्रार्थना करा की." मी समजावलं, असं होत नसतं. ऐकेना. शेवटी मी घरी खाटेवर बसून डोळे मिटले, त्यानं स्पीकर लावून फोन बोअरच्या तोंडाशी धरला, आणि मी रंगात आलो असताना फोन हातातून सुटून आत पडला. माझ्या हिशेबानं ती प्रार्थना अजून खाली चालू आहे.

हसायला ठीक आहे. पण खरं सांगायचं तर माझी प्रार्थना कुठं संपते आणि हात कुठं सुरू होतो, हे मलाही माहीत नव्हतं. डोळे मिटले की हाताला जास्त कळायचं, एवढं खरं. खालच्या दगडाची बारीक कुरकुर पाइपातून तळव्यापर्यंत यायची. लोक म्हणायचे, देवाची कृपा. मीही म्हणायचो, देवाची कृपा, आणि मनात हाताकडं कौतुकानं बघायचो. काम होत होतं तोवर दोघांची वाटणी करायची वेळच आली नाही.

ती आली वेळापूरच्या अलीकडं, एका वस्तीवर. मेंढरं राखणारं घर. मालक बिरूआबा, लाल फेटा, दाराशी बसलेला. बोअर त्याच्या मेंढरांच्या पाण्याची. मी नेहमीसारखा हात ठेवला, प्रार्थना केली, नेहमीसारखं हाताला कळलं. मल्लप्पाला म्हटलं, सोड. त्यानं सोडलं. आणि खालून एक आवाज आला. बंदुकीसारखा म्हणणार होतो, पण नाही, तसा मोठा नव्हता. घरात कुणाचं तरी हाड मोडावं तसा, बारका. क्लॅम्पमधला पाइप एकदम हलका झाला. खाली किती तरी वेळ खडखड होत राहिली.

बिरूआबा उठून जवळ आला, भोकात वाकून बघितलं, जणू काही दिसणारच होतं. मग म्हणाला, "पडली व्हय? पडू द्या. सांदाच कुजलावता. च्या घ्या." त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी चार ऐकवल्या असत्या आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. त्याच्या सुनेनं चहा आणला. मेंढरं हौदाशी येऊन उभी राहिली होती. मी चहा प्यालो कसा ते मला आठवत नाही.

सगळे म्हणाले, मिस्तरीची चूक नाही, सांधा गंजका होता. मल्लप्पा म्हणाला, सांधा गंजका होता. मीही म्हणालो. फक्त हातानं ऐकलं नाही. पुढच्या कामाला पाइपावर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि तोच बारका आवाज आला, वरच्या वर, माझ्या कानात. सोड म्हणायला तोंड उघडेना. त्या दिवशी नुसतं ओढत राहिलो. नशिबानं मोटार आली. त्याच्या पुढच्या कामाला आली नाही, आणि मी घोडा उतरवून घेतला.

मग मी अडकलेल्या मोटारी घेणंच बंद केलं. नव्या बसवायच्या कामांना जायचो. नवे पाइप, नवे सांधे. तसलं काम माझ्या बायकोच्या, मार्थाच्या, आईनंही केलं असतं, आणि तिला मोतीबिंदू आहे. मल्लप्पा सकाळी फोन करायचा, हितं काम हाय, तितं काम हाय. मी सांगायचो पाठ धरलीय. पाठ खरंच धरलेली असायची, साठी ओलांडल्यावर काहीही सांगा, खरंच निघतं. पण त्याला कळत होतं. चर्चमध्ये मात्र मी गप्प झालो नाही. उलट भीती वाढत गेली तसे माझे किस्से खोल होत गेले. तीनशे फुटांची बोअर सांगता सांगता सातशेची झाली. रविवारी उपासना संपली की आवारात लोक माझ्याभोवती जमायचे आणि मी बेडकांना कानडीत गाणं म्हणायला लावायचो. घरी आलो की शर्ट न काढता आडवा व्हायचो. दमायचो. दिवसभर साखळी ओढून कधी दमलो नव्हतो इतका.

प्रार्थनाही सुटली, म्हणजे मनातून. जेवणाआधीची व्हायची. बाकी देवाला काय सांगायचं तेच सुचेना. इतकी वर्षं मी त्याला, येशूला, साक्षी ठेवून हातावर भरवसा टाकत आलो होतो. हात गेला, तर त्याच्याकडं कुठल्या तोंडानं जायचं?

अशात आमच्या चर्चच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहाची बोअर बंद पडली. मोटार जळाली आणि वर येईना. फेब्रुवारी संपत आलेला, दहावीची परीक्षा तोंडावर. वसतिगृहाच्या मॅट्रन शांताबाई स्वतः घरी आल्या. या बाई कुणाच्या घरी जात नाहीत. मुलींनाच काय, चर्चच्या पाळकसाहेबांनाही त्यांच्यापुढं खोकताना परवानगी काढावी लागते. बसल्याही नाहीत. उभ्या उभ्या सांगितलं, नळ चार-पाच दिवसांनी येतो, टँकर गल्लीत शिरताना फाटकात असा अडकला की आता टँकर काढायलाही मिस्तरी लागेल. आवारात आधी मारलेल्या दोन बोअर कोरड्या गेलेल्या. ही एकच जिवंत. बोअर मारणाऱ्या मशिनवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, इंजिनानं ओढतो, तुटली तर जबाबदारी नाही.

मी पाठीचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"पाणी नसलं तर मला मुलींना घरी पाठवावं लागेल," त्या म्हणाल्या. "एकदा घरी गेल्या की निम्म्या परत येत नाहीत, मिस्तरी. परीक्षेलासुद्धा नाही. लग्नं उरकतात. तुम्ही उद्या सकाळी या."

त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन मार्थाला म्हटलं की मी जाणार नाही. का, म्हणाली. आणि इतके महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला भाकरी थापताना सांगितलं. म्हटलं, माझा माझ्या हातावर विश्वास राहिला नाही.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अहो, माझा कधी होता?" म्हणाली. "लोणच्याची बरणी मी शेजारणीकडून उघडून आणते."

मला राग आला. म्हटलं, मग मी कामाला निघालो की देवापुढं गुडघे टेकून बसतेस ती कशाला?

"म्हणूनच बसते," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

आता इथं वाचकांना वाटेल की मला काही प्रकाशबिकाश दिसला. काही नाही. मी जेवलो. पण जेवताना एवढं मात्र लक्षात आलं की इतकी वर्षं मी माझ्या हातावर विसंबून निघायचो आणि ती देवावर. आणि वेळापूरनंतर माझं सगळं बुडालं, तिचं काहीच बुडालं नाही. ती आजही तितकीच निवांत बसत होती.

सकाळी मल्लप्पाला घेऊन गेलो. पाळकसाहेब बाहेरगावी सभेला गेलेले, त्यामुळं प्रार्थना त्यांच्या गळ्यात घालायची सोयही राहिली नाही. व्हरांड्यात सगळ्या मुली ओळीनं उभ्या होत्या, दोन वेण्या, हातात रिकाम्या बादल्या. चर्चमधली रिकामी मंडळीही जमली होती, माझा खेळ बघायला. घोडा उभा केला, क्लॅम्प आवळला, थोडं ओढून पाहिलं. जाम. पाइपाचे वरचे दोन सांधे डोळ्यांना दिसत होते, आणि दोन्ही गंजलेले होते.

मी हात ठेवला, डोळे मिटले. मल्लप्पानं नेहमीसारखा पटका सावरला, आमेन म्हणायला तयार. माझी ती मोठी प्रार्थना तोंडात आलीसुद्धा, पहिले दोन शब्द. मग तो बारका आवाज आला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. एक मुलगी खोकली. मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, यात निम्मं करायचं काही नाही.

"प्रभू येशू, मला भीती वाटते. सोडायची भीती वाटते. हा हात माझाच आहे, मला माहीत आहे तो केवढा आहे. तो चुकला तर या पोरींचं काय ते तू बघ. तू इथं थांब. मी सोडतो."

पुढं काही सुचलं नाही. आमेन म्हणायचंही राहिलं. सगळे अजून डोळे मिटून उभे, ही तर सुरुवात आहे असं समजून. शेवटी मल्लप्पानं एक डोळा उघडला आणि हळूच विचारलं, "आतेन?" म्हणजे झालं का. मी मान हलवली. तो जरा बावचळला. मग त्यानं आमेन म्हटलं, पण खणखणीत नाही, स्वतःशी म्हटल्यासारखं.

मला वाटलं होतं आता भीती जाईल. ती काही गेली नाही. फक्त हातातून उतरून पोटात जाऊन बसली, आणि हात मोकळा झाला. तळव्याखाली पाइप पुन्हा बोलायला लागला म्हणणार होतो, पण ते फेकणं झालं. पूर्वीच्या निम्म्यानंही कळत नव्हतं. जेवढं कळत होतं तेवढ्यावर मी म्हटलं, "मल्लप्पा, सोड."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "सोडू?"

"सोड."

साखळीची एक-एक कडी खाली गेली. खाली काही हललं नाही. आणखी सोड. पाइप ढिला झाला, मोटार दगडावरच बसून राहिली होती. याच्यापुढं सोडलं आणि ती एकदम घसरली, तर तो झटका थेट सांध्यावर येणार. इथंच वेळापूर झालं होतं. मी म्हटलं, आणखी. आणि ती घसरली. हातभर असेल. पाइपाला हिसका बसला, घोड्याचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला, व्हरांड्यात एक बादली पडली. मी डोळे मिटून त्या आवाजाची वाट बघत राहिलो.

आला तो वेगळाच. खडक घासत गेल्याचा, आणि मग खोलवर, पाण्यात दगड पडल्याचा. पाइपावर वजन तसंच होतं. सांधा धरून राहिला होता.

पुढं सगळी नुसती मजुरी. ओढ, क्लॅम्प, सांधा खोल, पाइप बाजूला, पुन्हा ओढ. दोनदा परत अडकली, दोनदा परत सोडावी लागली. उन्हं डोक्यावर आली, जमलेली मंडळी कंटाळून जेवायला गेली. मोटार वर आली तेव्हा बघायला मुली, शांताबाई आणि एक कुत्रं, एवढेच होते. एका अंगानं सोलून निघालेली. मी तिच्याकडं बघितलं आणि लिंबाखाली जाऊन बसलो तो उठवेना. नवी मोटार मल्लप्पानंच इलेक्ट्रिशियनला घेऊन सोडली. बटण दाबल्यावर आधी नुसती हवा आली, मग चिखल, मग लालसर पाणी, आणि बऱ्याच वेळानं स्वच्छ. मुलींनी बादल्या लावल्या. कुणी नाचलं वगैरे नाही. त्यांना कपडे धुवायचे होते.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आमच्याकडं ज्याला देवाचा अनुभव आला तो उठून सांगतो, आणि माझ्या साक्षीला तर लोक सरसावून बसतात. मी उठलो. म्हटलं, या आठवड्यात मी बोअरवर उभा होतो आणि मला भीती वाटत होती. अख्खं चर्च हसलं. पुढच्या बाकावरचे म्हातारे डोळे पुसत हसले. त्यांना वाटलं, ही सुरुवात. आता बेडूक येतील. मी थांबलो. ते आणखी हसले. मी म्हटलं, भीती अजून आहे, पण देव होता आणि मी सोडलं, एवढंच सांगायचं होतं. आणि बसलो. त्यावर टाळ्या पडल्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, मिस्तरी आज फॉर्मात आहेत.

बाहेर पडताना शांताबाईंनी दाराशी अडवलं. त्या हसलेल्या नव्हत्या.

"त्या दिवशी सकाळी मी मुलींच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "रिक्षासुद्धा सांगितल्या होत्या. तुम्ही तुमची ती नेहमीची प्रार्थना केली असती ना, तर मी मशिनवाल्याच्या नादी न लागता सरळ पोरींना पाठवून दिलं असतं. तुम्ही भीती वाटते म्हणालात, तेव्हा आज खेळ नाही हे कळलं, आणि मी रिक्षावाल्यांना जा म्हणून सांगितलं."

त्या छत्री उघडून मुलींच्या रांगेमागं चालायला लागल्या. मी घरी आलो आणि झोपलो. मार्था म्हणते, दोनदा जेवायला हाक मारली, कूससुद्धा बदलली नाही. सोमवारी उठलो तर हात, खांदे, पाठ सगळं ठणकत होतं, आणि मल्लप्पाचा फोन अजून आलेला नव्हता. मीच लावला. म्हटलं, आज कुठं अडकलीय?